कोकणात बांधकामाची ठेकेदारी: कोणती नोंदणी, केव्हा आणि कशासाठी

महाराष्ट्रात खासगी घर बांधणाऱ्या माणसाला ‘बांधकाम ठेकेदार’ म्हणून परवाना देणारे एकच एक कार्यालय नाही. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे, वीजजोडणी करणाऱ्याला विद्युत निरीक्षकांच्या विभागाचा परवाना लागतो, पण घराचा पाया खणण्यापासून कौले चढवण्यापर्यंत सगळे करणारा ठेकेदार कोणत्याही एका दप्तरात नोंदलेला नसतो. त्याच्यावर निरनिराळे कायदे निरनिराळ्या कारणांनी लागू होतात: कोणी त्याच्या उलाढालीकडे पाहते, कोणी त्याच्या कामगारांकडे, तर कोणी त्याच्या बिलाकडे. त्यामुळे “मला कोणते लायसन लागेल?” या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात मी स्वतः लहान कामे घेतो आणि आसपासच्या गवंड्यांची कागदपत्रे लावून देण्यात माझा बराच वेळ जातो. या दरम्यान दोन प्रकारची माणसे सारखी भेटतात. वीस वर्षे घरे बांधूनही पॅनकार्डापलीकडे काहीच नसलेला एक प्रकार. त्याला ग्रामपंचायतीचे सभागृह बांधण्याची संधी चालून येते आणि कागदाअभावी ती हातची जाते. दुसरा प्रकार एजंटाकडून सगळ्या नोंदण्या एकगठ्ठा घेतलेल्यांचा. विवरणपत्रे न भरल्यामुळे वर्ष-दीड वर्षाने त्यांच्या घरी नोटिसा येतात. दोघांचेही नुकसान टाळता येण्याजोगे असते. नोंदणी कामाकडे पाहून घ्यावी, हे एवढेच मला येथे पायरीपायरीने मांडायचे आहे.

पहिली पायरी: बारा महिन्यांचा हिशेब एका पानावर

कोणत्याही पोर्टलवर जाण्याआधी मागील बारा महिन्यांची आणि पुढील वर्षी दिसत असलेली कामे एका कागदावर उतरवावीत. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात. पैसे कोण देणार आहे, म्हणजे घरमालक, बिल्डर की सरकारी कार्यालय? काम मजुरीवर आहे की मालासकट? एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसे कामावर होती? आणि आपण दुसऱ्याचे बांधून देत आहोत की स्वतः बांधून विकत आहोत? पुढच्या सर्व पायऱ्या या चार उत्तरांवर चालतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण चुकीचे देतात. रोजच्या कामावर दोन गवंडी, तीन बिगारी आणि एखादा सुतार असतो, म्हणून “आपली सहाच माणसे” असे सांगितले जाते. मात्र स्लॅबच्या दिवशी मिक्सर येतो, सोबत त्याची टोळी येते, सेंटरिंगवाले प्लेटा सांभाळायला थांबलेले असतात, सळई बांधणारा उभा असतो आणि घमेली वर चढवायला शेजारच्या वाडीतली माणसे बोलावलेली असतात. त्या एका दिवसाची मोजदाद अठरा-वीसवर सहज जाते. कामगारांचा कायदा ‘मागील बारा महिन्यांतील कोणत्याही दिवशी’ अशी भाषा वापरतो, त्यामुळे तो स्लॅबचा दिवसच आपला आकडा ठरवतो. आपल्याकडे कामाचा हंगाम दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंतचा. पावसाचे चार महिने काम जवळजवळ थांबलेले असते. म्हणून वर्षाची सरासरी काढू नये; जानेवारी ते मे या महिन्यांचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडून सर्वांत गर्दीचा दिवस शोधावा. मस्टर ठेवले नसेल, तर ते आजपासून ठेवावे.

दुसरी पायरी: नाव एकच, सगळीकडे

एकट्याच्या धंद्यासाठी वेगळी संस्था स्थापन करावी लागत नाही. स्वतःच्या पॅनवर धंद्याचे नाव लावून काम सुरू करता येते. मात्र ते नाव एकदा ठरले की जीएसटी, उद्यम (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी), बँकेचे चालू खाते, डिजिटल स्वाक्षरी आणि ठेकेदार नोंदणी या सर्व ठिकाणी अक्षरशः तेच असले पाहिजे. माझ्या स्वतःच्या उद्यम प्रमाणपत्रावर नावाआधी ‘श्री’ होते आणि जीएसटीच्या प्रमाणपत्रावर ते नव्हते. एका निविदेच्या तांत्रिक छाननीत तेवढ्या एका अक्षरावरून माझा लिफाफा बाजूला ठेवला गेला. दर उघडण्याची वेळच आली नाही. दुरुस्तीला फार वेळ लागला नसता, पण निविदा त्यासाठी थांबत नाही. तेव्हापासून कोणाचेही कागद हातात घेतले की मी प्रथम सगळ्या प्रमाणपत्रांवरची नावे एकाखाली एक लिहून ताडून पाहतो.

दोन भाऊ किंवा दोन मित्र मिळून काम घेत असतील, तर भागीदारी लेखी करावी आणि ती फर्मच्या निबंधकांकडे नोंदवावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याने ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणून ती टाळली जाते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातील हक्कासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. घरमालकाने शेवटचे तीन लाख अडवले, तर नोंदणी नसलेली फर्म न्यायालयाच्या दारातच अडते. ठेकेदारीत शेवटचा हप्ता हेच बहुतेक वेळा नफ्याचे पैसे असतात. ते लक्षात घेता ही नोंदणी मी ऐच्छिक मानत नाही.

तिसरी पायरी: पत्त्याचा पुरावा आधी लावून घ्यावा

कोकणात कागद सर्वाधिक अडतात ते येथे. धंद्याचा पत्ता म्हणून राहते घर दाखवायचे असते, आणि ते घर अजून आजोबांच्या किंवा सामाईक नावावर असते. घरपट्टीच्या पावतीवर एक नाव, वीजबिलावर दुसरे आणि अर्जदाराचे तिसरेच. अशा वेळी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, चालू वीजबिल आणि ज्याच्या नावे घर आहे त्याचे संमतीपत्र एकत्र जोडावे. नाव असलेली व्यक्ती हयात नसेल, तर वारसांची नावे लागेपर्यंत ज्या हयात सहहिस्सेदाराचे नाव उताऱ्यावर आहे त्याची संमती घ्यावी किंवा नाक्यावरचा गाळा भाडेकराराने घ्यावा. मुंबईला असलेल्या काकांची सही मिळवायची असेल, तर गणपतीला ते गावी येतात तेव्हाच ती घेऊन ठेवावी. ऐन हंगामात टपालाने कागद फिरवण्यात महिना जातो.

चौथी पायरी: उद्यम, आस्थापना आणि व्यवसाय कर

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार आणि पॅनवर, घरबसल्या आणि विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ते त्याच्या टंकलेखनाचे आहेत, शासनाचे नाहीत. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादांनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर उद्योग ‘सूक्ष्म’ गटात मोडतो. म्हणजे आपल्यातले जवळजवळ सगळे त्यातच येतात. बँकेत चालू खाते उघडताना आणि कर्ज मागताना हे प्रमाणपत्र उपयोगी पडते.

त्याच्या बळावर दोन गोष्टी मात्र गृहीत धरू नयेत. उद्यम असले की पंचेचाळीस दिवसांत बिल मिळवण्याचा हक्क लागू होतो असे सांगितले जाते. परंतु बांधकामाचे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे मालासकट घेतलेला ठेका, या संरक्षणात येत नाही असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. तसेच सूक्ष्म उद्योगांना बयाणा रकमेतून, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीतून, मिळणारी सूट वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाच्या निविदांत ती धरून चालू नये. निविदेत बयाणा मागितला असेल तर तो भरावा.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली थोडी माणसे असलेल्या आस्थापनेला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पोचपावती घेता येते, आणि कार्यालय म्हणून एखादी खोली वापरणाऱ्या ठेकेदाराचे काम तेवढ्यावर भागते. व्यवसाय कराचे दोन क्रमांक वेगवेगळे आहेत. एक स्वतःचा, ज्यावर वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. दुसरा मालक म्हणून, जो पगारी माणसाच्या वेतनातून कर कापण्याची वेळ आली की घ्यावा लागतो. जीएसटी क्रमांक घेतला की पहिल्याची जबाबदारी आलीच, आणि तो न घेतल्याची थकबाकी पुढे ठेकेदार नोंदणीच्या वेळी एकदम अंगावर येते.

पाचवी पायरी: जीएसटी, आणि ‘मजुरीवर’ व ‘मालासकट’ यांतला फरक

चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही, हे वाक्य प्रत्येक नाक्यावर ऐकू येते. ती मर्यादा वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. मालासकट बांधकाम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, आणि जीएसटीच्या कायद्याने ती सेवा मानलेली आहे. त्यामुळे महाराष्ट्रात ठेकेदाराची मर्यादा आर्थिक वर्षात २० लाख रुपये उलाढालीची. ही उलाढाल म्हणजे नफा नव्हे आणि मजुरीही नव्हे. सिमेंट, सळई, चिरे, वाळू यांच्यासह झालेले संपूर्ण बिल. चौरस फुटाला अठराशे रुपये दर धरला, तर हजार फुटांचे एक घर अठरा लाखांचे होते. त्याच वर्षी कोणाचा गडगा बांधला, कोणाच्या विहिरीला कठडा केला, की मर्यादा ओलांडली. ओलांडल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

मजुरीवरच्या कामाचे चित्र वेगळे आहे. माल मालकाचा आणि आपली फक्त माणसे, आणि काम एखाद्या कुटुंबाच्या स्वतंत्र घराचे, म्हणजे इमारतींच्या संकुलाचा भाग नसलेले, असे असेल तर त्या शुद्ध मजुरीच्या कामाला जीएसटीतून सूट आहे. प्रधानमंत्री आवास योजनेखालच्या वैयक्तिक घरकुलाच्या मजुरीलाही सूट आहे. केवळ अशीच कामे करणाऱ्याला नोंदणीची गरज पडत नाही, मग वर्षाची मजुरी कितीही होवो. मात्र बिल्डरच्या इमारतीत मजुरीवर प्लास्टर केले, लॉजचे बांधकाम केले किंवा दुकानगाळे बांधले, तर ती सूट नाही. एकाच वर्षात दोन्ही प्रकारची कामे असतील, तर २० लाखांच्या मोजणीत सूट असलेली मजुरीही धरली जाते. हा बारकावा ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची मोजणी चुकते.

नोंदणी घ्यायचे ठरले की पुढचा प्रश्न पद्धतीचा. नेहमीच्या पद्धतीत बिलावर १८ टक्के कर लावायचा आणि सिमेंट-सळईवर भरलेला कर त्यातून वजा करून घ्यायचा. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटही २८ वरून १८ टक्क्यांवर आले आहे. आपसमेळ योजनेत, म्हणजे ज्याला सगळे कंपोझिशन म्हणतात त्यात, ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याने ६ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायचा. ग्राहकाकडून तो वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरचा करही परत मिळत नाही. घरमालकाला जीएसटीची वजावट कधीच मिळत नसते, त्यामुळे वीस लाखांच्या घरावर ३ लाख ६० हजारांचा कर पाहून तो बिचकतो. ज्याची सर्व कामे घरमालकांकडचीच आहेत आणि दरवर्षी दोन घरांपलीकडे व्याप नाही, त्याने कंपोझिशनचा विचार अवश्य करावा. ज्याला बिल्डर किंवा सरकारी कार्यालयाचे काम करायचे आहे, त्याने नेहमीची पद्धत घ्यावी असे माझे मत आहे.

सिंधुदुर्गातील वाचकांसाठी एक जादा सूचना. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडचे ठेकेदार पेडणे आणि डिचोलीच्या बाजूला कामे घेतात. स्थावर मालमत्तेवरच्या कामाचे ठिकाण ती मालमत्ता जिथे आहे तिथले धरले जाते, म्हणून गोव्यातले काम हे आंतरराज्य काम होते आणि त्यावर एकात्मिक जीएसटी लावावा लागतो. कंपोझिशनमध्ये असलेल्याला असे काम करताच येत नाही. आणि तिकडे कार्यालय, गोदाम मांडून दीर्घकाळ बसायचे असेल, तर गोव्याचा स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो.

सहावी पायरी: कामगारांशी संबंधित नोंदण्या

इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा. त्याने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला नोंदणी सक्तीची केली आणि ती कायदा लागू झाल्यापासून ६० दिवसांत करण्यास सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत सामावले गेले. दहा कामगारांचा उंबरठा त्यातही कायम आहे. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराला पूर्वी दहा लाख रुपये खर्चापर्यंत सूट होती, संहितांमध्ये ती मर्यादा ५० लाख झाली आहे. म्हणून गावातले साधे घर बहुधा या नोंदणीबाहेर राहते. परंतु शाळेची खोली, साकव, हॉटेल किंवा बिल्डरची इमारत, आणि स्लॅबच्या दिवशी दहा माणसे, असे असेल तर नोंदणी घ्यावीच लागते. अर्ज कामगार विभागाच्या पोर्टलवर होतो. त्या दिवशी तिथे जो नमुना लागू असेल तोच भरावा, जुन्या फायलीतला नमुना उतरवून देऊ नये.

याच विषयाची दुसरी बाजू ठेकेदारांकडून दुर्लक्षित राहते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या हाताखालचा कामगार स्वतः महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदवता येतो. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचे काम, एवढ्या त्याच्या मुख्य अटी आहेत. ते ९० दिवस सिद्ध करणारा दाखला ठेकेदार देऊ शकतो. तो दाखला देताना मस्टर समोर असावे, तारखा खऱ्या असाव्यात आणि कामाचे ठिकाण लिहिलेले असावे. कामावर मृत्यू ओढवला तर नोंदीत कामगाराच्या कुटुंबाला मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात, मुलांच्या शिक्षणासाठी वेगळी मदत मिळते. सरकारी कामांच्या बिलातून कापला जाणारा १ टक्का उपकर याच मंडळाकडे जातो. आपण पैसे भरतो आणि आपलीच माणसे नोंदलेली नसतात, ही स्थिती बदलणे पूर्णपणे ठेकेदाराच्या हातात आहे. विजापूर, गदगकडून किंवा ओडिशा-बिहारमधून आलेल्या माणसांना आपला दाखला हाच एकमेव आधार असतो.

भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांपासून लागू होतो आणि कर्मचारी राज्य विमा दहापासून. निधीत दोन्ही बाजूंनी १२ टक्के, वेतनमर्यादा १५,००० रुपये. विम्यात मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के, वेतनमर्यादा २१,००० रुपये. एकदा क्रमांक घेतला की पावसाळ्यात माणसे गावी गेली म्हणून तो आपोआप सुटत नाही. शून्याचे विवरणसुद्धा भरावे लागते. निविदेत भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागितला म्हणून काही जण तो घेतात आणि विसरतात. तो घेण्याआधी महिन्याला विवरण भरणारा माणूस ठरलेला असावा.

ठेकेदारी पद्धतीने ५० किंवा अधिक माणसे पुरवणाऱ्याला कंत्राटी कामगारांचा परवाना लागतो. आपल्या आकाराच्या कामात ही वेळ क्वचित येते. महामार्ग, बंदर किंवा रेल्वेच्या मोठ्या कंपनीकडे पोटठेका घेणाऱ्या मुकादमाने मात्र हे पाहावे.

नोंदणी लागू होवो अथवा न होवो, अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी टळत नाही. मचाण ओल्या बांबूचे असते, चिरा पंधरा-वीस फुटांवरून निसटतो, आणि पायाड बांधताना वरून गेलेल्या वीजतारेकडे कोणाचे लक्ष नसते. दोन माणसांवर काम करणाऱ्यानेही कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढूनच पाया खणावा.

सातवी पायरी: सरकारी काम करायचे असेल तर

सार्वजनिक बांधकाम विभागाची ठेकेदार नोंदणी वर्गवार असते. प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते. सर्वांत वर १-अ. जिल्हा परिषदेच्या निविदांतही बहुधा हाच वर्ग विचारला जातो. सुरुवात खालच्या वर्गापासून करावी. अर्जासोबत ऐपतीचा दाखला, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची बिले, पॅन, जीएसटी आणि व्यवसाय कराची प्रमाणपत्रे लागतात.

यात अडते ते अनुभवापाशी. वीस घरे बांधली, पण एकाचाही लेखी करार नाही आणि पैसे रोखीने आले, तर कागदावर आपण एकही घर बांधलेले नसते. म्हणून पुढचे खासगी काम घेताना साध्या स्टँपपेपरवर का होईना करार करावा, हप्ते बँकेतूनच घ्यावेत, मंजूर नकाशाची प्रत आणि काम पूर्ण झाल्याचे मालकाचे पत्र फायलीला लावावे. ठेकेदाराला वर्षभरात ५० लाखांहून अधिक रक्कम देणाऱ्या घरमालकाला २ टक्के आयकर कापावा लागतो, आणि तो कापलेला कर आपल्या नावावर दिसणे हाही केलेल्या कामाचा भक्कम पुरावा असतो.

ज्याच्या घरात स्थापत्य पदविका किंवा पदवी घेतलेला मुलगा-मुलगी आहे, त्याने सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीचा मार्ग पाहावा. काम वाटप समितीमार्फत दिल्या जाणाऱ्या लहान कामांत ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के इतर नोंदणीकृत ठेकेदारांना असे प्रमाण आहे. कोऱ्या अनुभवाने सुरुवात करणाऱ्या तरुणासाठी याहून सरळ वाट मला माहीत नाही. मात्र नोंदणी मुलीच्या नावावर आणि काम दुसऱ्यानेच करायचे, हा प्रकार टाळावा. कामात दोष निघाला तर काळ्या यादीत तिचे नाव जाते.

ई-निविदेसाठी राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर नावनोंदणी आणि वर्ग ३ ची डिजिटल स्वाक्षरी लागते. स्वाक्षरीची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. सरकारी कामाचा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडे काढण्याची अट करारात असते, तीही कार्यारंभ आदेश मिळताच पुरी करावी.

आता बिल हातात कसे पडते ते पाहू. समजा, एका व्यक्तीच्या नावावरच्या ठेकेदाराने दहा लाखांची अंगणवाडीची इमारत बांधली. देयक १०,००,००० रुपयांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८०,०००, एकूण ११,८०,०००. यातून आयकर १ टक्का म्हणजे १०,००० कापले जातात, जीएसटीची मुळातून कपात २ टक्के म्हणजे २०,००० आणि कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे १०,०००. उरले ११,४०,०००. याशिवाय सुरक्षा अनामत अडकते, आणि चिरे, खडी, वाळू यांचे वाहतूक पास सादर केले नाहीत तर स्वामित्वधनही (रॉयल्टी) वजा होते. कापलेला आयकर विवरणपत्रात मिळतो. जीएसटीचे वीस हजार पोर्टलवर स्वीकारल्याची कळ दाबल्यावरच आपल्या रोख खात्यात जमा होतात. ती कळ न दाबल्यामुळे ते पैसे वर्षानुवर्षे पडून राहिलेले मी पाहिले आहेत. आणि १,८०,००० हे आपले पैसे नाहीत. ते कर्जफेडीत गेले, तर पुढच्या महिन्याच्या विवरणपत्राच्या वेळी पंचाईत होते.

आठवी पायरी: जी नोंदणी आपली नाही ती ओळखणे

घराचा नकाशा आणि त्यावरची सही वास्तुविशारदाची किंवा नियोजन प्राधिकरणाचा परवाना असलेल्या अभियंत्याची. ठेकेदाराने ती जबाबदारी अंगावर घेऊ नये. वीजजोडणीसाठी महावितरणकडे चाचणी अहवाल द्यावा लागतो आणि तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराचाच लागतो, म्हणून ते काम त्याला लेखी पोटठेक्याने द्यावे.

दुसऱ्याची इमारत बांधून देणाऱ्या ठेकेदाराला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. मात्र अलिबाग, दापोली, मालवणच्या बाजूला मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी बंगले आणि रो हाउस बांधून विकण्याचा धंदा वाढला आहे, आणि त्यात जमीनमालकाशी भागीने काम करणारा ठेकेदार नकळत प्रवर्तक, म्हणजे कायद्याच्या नजरेत बिल्डर, होतो. प्रकल्पाची जमीन सर्व टप्पे मिळून ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि घरे आठांपेक्षा अधिक असतील, तर नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते.

किनाऱ्याजवळच्या जागेला सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते. ही जबाबदारी मालकाची असली, तरी खाडीच्या किंवा समुद्राच्या भरतीरेषेजवळ काम घेण्याआधी मंजुरीची प्रत मागून पाहावी. काम पाडण्याचा आदेश आला, तर मजुरी मागायला आपणच मालकाच्या दारात उभे राहणार असतो.

नववी पायरी: क्रम आणि वेळ

कागदांचे काम पावसात करावे. जूनमध्ये मस्टर आणि बँकेचे उतारे पाहून बारा महिन्यांचा हिशेब मांडावा. त्याच महिन्यात, ३० जूनच्या आत, व्यवसाय कर भरावा. जुलैत नावे आणि पत्त्याचे पुरावे जुळवून उद्यम आणि लागत असेल तर जीएसटीचा अर्ज करावा. ऑगस्टमध्ये ऐपतीचा दाखला आणि कामांचे दाखले गोळा करून ठेकेदार नोंदणीचा प्रस्ताव द्यावा, म्हणजे दसऱ्यानंतर निविदा निघू लागतात तेव्हा क्रमांक हातात असतो. कामगारांच्या नोंदण्या काम सुरू होताना घ्याव्यात, कारण त्यांना कामाचे ठिकाण आणि आरंभाची तारीख द्यावी लागते. कंपोझिशन घ्यायची असेल, तर तिचा पर्याय नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, ३१ मार्चपर्यंत द्यावा लागतो. पावसाळ्यात आठवण होऊन उपयोग नाही.

आणि काम बंद केले, तर नोंदणीही रीतसर बंद करावी. गावातला एखादा गवंडी दोन वर्षे ठेकेदारी करून पुन्हा मजुरीवर जातो, त्याचा जीएसटी क्रमांक मात्र चालूच राहतो, आणि शून्य उलाढालीच्या न भरलेल्या विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क चढत जाते. क्रमांक रद्द करण्याचा अर्ज पोर्टलवरच करता येतो. रद्द झाल्याचा आदेश मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावे, त्याची पोच छापून फायलीत लावावी आणि ती फाइल पागोळीचे पाणी उडणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावी.